तीन पौंडांची फळी

कुत्र्यांच्या अजिलिटी स्पर्धांना, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतींना, गेली दोन वर्षं मी न्यू जर्सीत शनिवार-रविवार हजेरी लावतेय, पण एकही कुत्रा धावताना धड पाहिलेला नाही. माझ्याकडे स्क्राइबचं काम, म्हणजे गुण-दोष टिपण्याचं. त्यातला पहिला धडा असा, की नजर कुत्र्यावर नाही, जजवर ठेवायची. जजचा हात वर गेला की कागदावर खूण करायची. कुत्र्याचं कौतुक बघत बसलात की हात हुकलाच.

या फंदात मला पाडलं शेजारच्या बाईंनी. त्या जज. शाळेतून निवृत्त झालेल्या. पूर्वी त्यांच्याकडे एक हट्टी टेरियर होता, तो कुणाला जुमानेना म्हणून त्याला शिकवणीला घातलं. कुत्रा यथातथाच शिकला, बाई मात्र तिथेच रमल्या. आधी उडीच्या अडथळ्यांचे पडलेले बार उचलून ठेवणं, मग वेळ घेणं, मग स्वतः कुत्र्याबरोबर धावणं आणि शेवटी परीक्षा देऊन जज. आता घरात दोन पॅपिलॉन आहेत. फुलपाखरासारखे कान आणि वजन प्रत्येकी जेमतेम तीन किलो.

इतक्या चिमुकल्या कुत्र्यांचं या खेळात काय काम, असं मलाही वाटायचं. आमच्या पुण्यात सोसायटीत एक तरी पांढरा पॉमेरियन असायचाच. तो गॅलरीतून भुंकायचा आणि पोळीला तूप लावलं नसेल तर तोंड फिरवायचा. त्याने उडी मारल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. शिवाय हा खेळ आला घोड्यांवरून. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात मधल्या वेळेत प्रेक्षकांना धरून ठेवायला घोड्यांच्या अडथळा-शर्यतीची नक्कल कुत्र्यांकडून करवून घेतली, आणि लोकांना ती मधली वेळच जास्त आवडली.

पण २०२४ साली वेस्टमिन्स्टर या अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या नामांकित प्रदर्शनातल्या अजिलिटी स्पर्धेत सगळ्यांत पहिली आली ती निंबल, बॉर्डर कॉली आणि पॅपिलॉनच्या संकरातली, १२ इंची उडीच्या गटातली. त्या आठवड्यात बाईंच्या चालण्यात वेगळाच तोरा होता.

सकाळी गवतावर दव असतानाच बाई मोजणीचं चाक ढकलत मैदानभर फिरतात. सगळ्यांत जास्त वेळ रेंगाळतात त्या सी-सॉपाशी. फळीच्या वर असलेल्या टोकापासून एक फुटावर तीन पौंडांचं वजन ठेवायचं; तीन सेकंदांच्या आत ते टोक जमिनीला टेकलं पाहिजे. जर्मन शेफर्ड चढला की फळी धाडकन बसते, त्याला काही कळतही नाही. तीन किलोच्या कुत्रीला मात्र जवळजवळ टोकापर्यंत चालत जावं लागतं आणि पायाखालची फळी सावकाश खाली जाईपर्यंत हवेतच थांबावं लागतं. बाई वजन ठेवतात, ओठांतल्या ओठांत आकडे मोजतात, उचलतात, पुन्हा ठेवतात. मागे ताटकळलेले लोक घड्याळाकडे बघतात.

दुपारी बार आठ इंचांवर उतरतात आणि बाईंचा चेहरा बदलतो. मोठ्या कुत्र्यांच्या वेळी ताठ उभ्या असतात; आता गुडघ्यांत वाकून पुढे सरकतात, कारण गवतात एवढासा पंजा फळीच्या टोकाच्या पिवळ्या पट्टीवर पडला की नाही हे उभ्याने दिसत नाही. मी तो चेहराच वाचते. भुवया वर गेल्या की कुत्री सी-सॉच्या टोकाला पोचली. श्वास सुटला की फळी टेकली. एरवी दोष देताना हा हात जराही कचरत नाही. पॅपिलॉन असो की कुणाचा लाडका पूडल, अडथळ्यासमोर थबकला की रिफ्युजल, म्हणजे नकाराचा दोष, हात वर.

परवा संध्याकाळी बाईंकडे चहाला गेले होते. धाकटी पॅपिलॉन सोफ्यासमोर बसली होती. शेजारी तिच्यासाठी मुद्दाम करून घेतलेली तीन पायऱ्यांची शिडी होती. ती शिडीकडे बघेना. बाईंकडे बघून एकदाच भुंकली.

बाईंनी एक हात वर केला, रिफ्युजल. दुसऱ्या हाताने तिला उचलून वर ठेवली.