तुम्ही विचारलंत म्हणून: औषधं चालू असताना छाती का उघडायची?

मी छातीची सर्जन आहे. न्यूमोनियाने फुप्फुसाचा काही भाग मेला, म्हणजे फुप्फुसाला गँगरीन झालं, की अतिदक्षता विभागाच्या दाराशी नातेवाईक मला हमखास विचारतात, "अँटिबायोटिक चालू आहेत ना, मग ऑपरेशन कशाला?"

प्रश्न रास्त आहे. फुप्फुसात गळू झालं तर बहुतेकदा ते श्वासनलिकेत फुटतं, पू खोकल्यावाटे निघून जातो आणि काही आठवड्यांच्या औषधांनी दहातले आठ-नऊ रुग्ण बरे होतात. पू फुप्फुसाबाहेर साठला असेल तर आधी नळी घालून तो काढतो.

गँगरीनचं तसं नाही. न्यूमोनिया इतका भडकतो की फुप्फुसाच्या एखाद्या खंडातल्या, म्हणजे मोठ्या भागातल्या, रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बंद होतात आणि तो भाग मरतो. औषध रक्तातून जातं. जिथे रक्तच पोचत नाही तिथे ते कसं पोचणार? सीटी स्कॅन करताना शिरेतून डाय, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध, सोडतात. जिवंत भाग त्याने उजळतो, मेलेला काळपटच राहतो. नातेवाइकांना मी हा फोटो दाखवतेच. तो पाहिला की निम्मं समजावणं होऊन जातं.

अवघड असतं ते ऑपरेशन कधी करायचं हे ठरवणं. लहान मुलांचं फुप्फुस स्कॅनमध्ये कितीही भयंकर दिसलं तरी ते बहुधा काही महिन्यांत भरून येतं, तिथे मी हात आवरते. पण मोठ्या माणसाचा खंड मेला आहे, औषधं देऊनही अंगात पसरलेला जंतुसंसर्ग आटोक्यात येत नाही, किंवा खोकल्यातून भरपूर रक्त पडतंय, अशा वेळी थांबणं मला मान्य नाही.

ऑपरेशनमध्ये मला सर्वात जास्त धास्ती असते ती चांगल्या फुप्फुसात पू उतरण्याची. म्हणून भूलतज्ज्ञ दोन मार्गांची नळी घालून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवतात. मेलेला भाग काढल्यावर श्वासनलिकेचं शिवलेलं तोंड मी बरगड्यांमधल्या स्नायूने झाकते, कारण पुवाच्या जागी टाके सहज उसवतात.

मग दुसरा प्रश्न येतो: "अख्खं फुप्फुस काढावं लागलं तर माणूस जगेल का?" या आजारात ते ऑपरेशन फार जोखमीचं, हे मी लपवत नाही. पण एका फुप्फुसावर जगता येतं. 1931 मध्ये बर्लिनला रुडॉल्फ निसेन या सर्जननी एका बारा वर्षांच्या मुलीचं पुवाने नासलेलं फुप्फुस काढलं होतं. ती वाचली.