टॅटरशल: खजिनदाराची थैली

इंग्लंडमधल्या टॅटरशल किल्ल्याच्या मनोऱ्यात शिरलं की बहुतेक जण थेट गच्ची गाठतात. लिंकनशायरचा हा भाग सपाट असल्यामुळे हवा स्वच्छ असेल तर वरून लिंकनचं कॅथीड्रल दिसतं, हे खरंच. पण मी सांगेन, गच्ची शेवटी ठेवा. आधी खालच्या दालनांतल्या दगडी फायरप्लेससमोर निवांत उभे राहा. घराण्याच्या ढालींच्या रांगेत मधेमधे पैशांची थैली कोरलेली दिसेल. सोबत 'माझा हक्क नाही का?' अशा अर्थाचं जुनं फ्रेंच बोधवाक्य आहे. मला इथून हलवेना ते या थैलीमुळे.

हा मनोरा बांधणारा राल्फ क्रॉमवेल १४३३ ते १४४३ या काळात इंग्लंडचा खजिनदार होता. गादीवर सहावा हेन्री होता आणि फ्रान्सशी युद्ध चालू होतं. पदावर आल्याबरोबर क्रॉमवेलनं पार्लमेंटपुढे राज्याचा ताळेबंद ठेवला. कर्ज १ लाख ६० हजार पौंडांच्या वर, म्हणजे वर्षाच्या नेहमीच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त! थैली कोरून घेणाऱ्या माणसाच्या हाती रिकामी तिजोरी आली होती.

अशा तिजोरीतून देणी कशी भागवायची? मराठी दप्तरं चाळणाऱ्याला 'वरात' ठाऊक असते: रोख न देता अमुक परगण्याच्या वसुलीतून पैसे घ्या, असा हुकूम. इंग्लंडमध्ये हे काम लाकडी काठी करत असे. तिला टॅली म्हणत. रक्कम खाचांनी लिहायची. हजार पौंडांना तळहाताच्या रुंदीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. पेनीला नुसती चीर, लाकूड काढायचं नाही. मग काठी उभी चिरायची, म्हणजे खाचा दोन्ही भागांवर येतात. एक भाग दप्तरात राहतो, दुसरा बाहेर जातो. कुणी खाच वाढवली तर जोड जुळत नाही आणि लबाडी तिथंच पकडली जाते.

धनकोनं आपला भाग बंदरावरच्या जकात अधिकाऱ्याकडे न्यायचा आणि पैसे घ्यायचे. अधिकाऱ्याला हिशेब देताना तीच काठी पावती म्हणून चालायची. घोटाळा व्हायचा तो इथं. एकाच बंदराच्या जकातीवर अनेकांच्या काठ्या निघालेल्या असत, लोकरीचा व्यापार मंदावला की वसुली घटे आणि मागून आलेला रिकाम्या हातानं परते. ती काठी वेस्टमिन्स्टरच्या खजिना कचेरीत परत आली की कारकून तेवढी रक्कम त्या धनकोनं राजाला दिलेलं कर्ज म्हणून वहीत मांडत. प्रत्यक्षात त्यानं नवे पैसे दिलेले नसत, त्यामुळे त्या वह्यांतला 'कर्ज' हा शब्द जपूनच वाचावा लागतो. जुन्या टॅली १८३४ साली जाळायला काढल्या, त्या भट्टीतून आग पसरली आणि पार्लमेंटची इमारतच खाक झाली.

आता वास्तू. सुमारे ७ लाख विटा, दगड फक्त खिडक्या-दारांच्या चौकटींना आणि कोरीवकामाला. खिडक्या इतक्या मोठ्या की वेढ्यात या मनोऱ्याचा निभाव लागणं कठीण. हा दरारा बसवण्यासाठी बांधलेला महाल आहे. जिन्याचा कठडा पाहायला विसरू नका. भिंतीत बसवलेल्या दगडात खोलगट कोरून काढलाय, हात आपोआप त्यात बसतो. दुसऱ्या मजल्यावर भेटीचं दालन. तिथं पोचायला विटांच्या कमानी छताचा लांब बोळ ओलांडून आधी बाहेरच्या खोलीत थांबावं लागे. अर्जदार किती दबून जात असेल, ते त्या बोळातून सावकाश चालल्यावर कळतं.

हे सगळं उरलं ते लॉर्ड कर्झनमुळे. आपल्याकडे हे नाव बंगालच्या फाळणीशी जोडलेलं आहे आणि तो राग रास्तच आहे. पण भारतात १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा त्याच्याच कारकिर्दीत झाला, आणि १९११ मध्ये टॅटरशलही त्यानंच विकत घेतलं. तोवर फायरप्लेस उखडून विकल्या गेल्या होत्या. त्या लंडनमध्ये सापडल्या आणि १९१२ मध्ये वाजतगाजत परत आणून बसवल्या. या प्रकरणामुळे ब्रिटनमध्ये १९१३ चा स्मारक कायदा व्हायला जोर मिळाला. थैलीच्या कोरीवकामाकडे पाहताना ती कायमची गेली असती, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

गच्चीवर शांतता मिळेल ही आशा सोडा. शेजारीच कॉनिंग्सबीचा हवाई तळ आहे, टायफून विमान उडालं की बोलणं थांबतं.

उतरल्यावर खंदकाबाहेरच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये जायलाच हवं. क्रॉमवेल १४५६ च्या जानेवारीत निपुत्रिक वारला. हे चर्च त्याच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी पुरं करून घेतलं. आत फरशीत त्याची पितळी आकृती आहे, मोडलेली. छतात वटवाघळांची मोठी वस्ती आहे आणि त्यांच्या मूत्रानं पितळ डागाळतं. आकृतीवर आच्छादन दिसलं तर ते त्यासाठी असतं, उचलू नका.