चिपटं, मापटं आणि चौथीचे अपूर्णांक

आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुलांचे वडील पुण्याला, नाहीतर इचलकरंजीला कामाला असतात. सुट्टीच्या दिवशी फोन आला की प्रश्न ठरलेला, "बाई, सध्या वर्गात काय चाललंय?" दोन मिनिटांच्या बोलण्यात त्यांचंही समाधान होत नाही आणि माझंही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत आहेत. शाळा पन्हाळा तालुक्यातली, लहानशी. दिवाळीनंतरचं दुसरं सत्र आता ऐन रंगात आलंय.

चौथीचा सगळा जीव सध्या अपूर्णांकात आहे. फळ्यावर १/२ आणि १/४ लिहून मोठा कोणता असं विचारलं, तर निम्म्याहून जास्त हात १/४ साठी वर जातात. त्यात मुलांचा काय दोष? पहिलीपासून आपणच शिकवत आलोय की चार हे दोनापेक्षा मोठे. आता अचानक तोच चार रेघेखाली जाऊन बसतो आणि भाग लहान होतो. नुसतं "छेद मोठा तर अपूर्णांक लहान" असं घोकून घेतलं तर मुलं परीक्षेत बरोबर लिहितात आणि पाचवीत पुन्हा तिथेच अडतात. हे मी इतक्या वर्गांत पाहिलंय की या धड्याला घाई करायची नाही, हे आता माझं पक्कं ठरलंय. वेळापत्रकात एखादा आठवडा जास्त गेला तरी चालेल.

आधी कागदाच्या पट्ट्यांना घड्या घालून झाल्या. मग एका मुलीनं आजीकडून धान्याची जुनी मापं आणली: चिपटं, मापटं आणि शेर. घरी ती तांदळाच्या डब्यातच असतात म्हणाली. डेस्क बाजूला सरकवून मधोमध सतरंजी अंथरली, ज्वारीची पिशवी ओतली आणि मापायला बसलो. दोन चिपट्यांत मापटं भरलं. दोन मापट्यांत शेर भरला. म्हणजे चिपटं हा पावशेर, मापटं अर्धा शेर. पुढे एकानं शेरात तीन चिपटी ओतली आणि वर राहिलेल्या जागेत बोट घालून बघितलं. "बाई, पाऊण शेर झालं. अजून एक बसतंय." ३/४ फळ्यावर लिहायच्या आधी त्यानं ते बोटानं मोजलं होतं.

खरी गंमत पुढच्या गटात झाली. त्यांची चार चिपटी शेरात मावेनात, ज्वारी सांडायला लागली. लगेच आरडाओरडा, "तिनं शीग लावली, बाई! सपाट भरायचं हुतं!" दोन चिपटी शिगेची आणि दोन सपाट, असा प्रकार झाला होता. मी गप्प बसून ऐकत राहिले. भांडता भांडता त्यांनीच निकाल दिला की चारही चिपटी सारखी भरली तरच त्याला पाव म्हणायचं. भाग सारखे असले पाहिजेत, ही अपूर्णांकाची पहिली अट. ती मी दरवर्षी सांगते, पण यंदा मुलांनी ती भांडून मिळवली. त्यानंतर अंश आणि छेद सांगायला फार वेळ लागला नाही. शेराचे सारखे भाग किती केले तो छेद, त्यातले किती घेतले तो अंश. आता १/८ आणि १/४ विचारलं की चिपट्याच्या निम्मं कोळवं असतं, हे आठवून उत्तर येतं.

मापं हाती आलीच होती, म्हणून वरही चढलो. चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. गावागणिक या मापांत थोडा फरक असायचा, पण गुणाकाराच्या सरावासाठी याहून चांगलं उदाहरण नाही. एका खंडीत पायल्या ३२० आणि शेर १२८०. हे उत्तर काढताना शून्य कुठे मांडायचं यावरून वह्या बऱ्याच खोडल्या गेल्या.

खंडीपाशी गणित इतिहासाला येऊन मिळालं. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे आणि पन्हाळा तर आमच्या पटांगणातून दिसतो. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान मारला गेला आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात आला. मधले दिवस मोजायला सांगितले, अठरा आले. एवढ्या दिवसांत प्रतापगडाहून इथवर फौज आली कशी, यावर मुलं बराच वेळ बोलत होती. मग १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा. मार्च ते जुलै महाराज गडावर अडकलेले, वरून आमच्याकडचा पाऊस. एकानं विचारलं, "बाई, एवढे महिने खाल्लं काय?" याचसाठी गडावर अंबरखाना आहे. गंगा, यमुना आणि सरस्वती ही तिथल्या कोठ्यांची नावं. त्यातल्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. एका खंडीचे शेर काढताना घाम फुटलेली मुलं हा आकडा ऐकून आ वासून बघत राहिली. महाराज वेढ्यातून निसटले तेव्हा त्यांचं सोंग घेतलेले शिवा काशिद इथल्या पायथ्याच्या नेबापूरचे, हे बहुतेकांना घरूनच माहीत असतं. पावनखिंड शिकवताना मात्र मी पुस्तक मिटून ठेवते आणि नुसती सांगते. बाजीप्रभूंपाशी आलं की वर्गात चुळबुळसुद्धा होत नाही.

तिसरीचं थोडक्यात. पाढे सुरू आहेत, दहापर्यंतचे बहुतेकांचे पक्के झालेत. परिसर अभ्यासात आपला कोल्हापूर जिल्हा आहे. बारा तालुके नकाशात रंगवून झाले, चंदगड आणि आजऱ्याची अजून अदलाबदल होते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून पंचगंगा कशी होते, हे मातीत रेघा ओढून, पाणी सोडून पाहिलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. हे ऐकून तिसरीतल्या एकीनं उसाच्या तोडीवर गेलेल्या मैत्रिणीचं नाव घेतलं आणि तिला कोण आणणार असं विचारलं. ती मुलगी परत वर्गात यावी म्हणून आमचे प्रयत्न चालू आहेत.

घरच्यांना एकच विनंती. मोबाईलवरून अपूर्णांकांच्या बेरजेची गणितं पाठवून मुलांकडून करून घेऊ नका, त्याला अजून वेळ आहे. त्यापेक्षा पाव किलो, अर्धा किलो, पाऊण लिटर हे त्यांच्या हातानं मोजू द्या. दूध घालायला जाताना सोबत न्या, डेअरीच्या पावतीवरचे साडेचार लिटर त्यांना वाचू द्या. आणि कुणाच्या माळ्यावर जुनी पायली किंवा कोळवं पडलं असेल तर मुलाबरोबर शाळेत पाठवा. नाव लिहून चिकटवून ठेवीन आणि सत्र संपलं की परत देईन.