आईची झोप आणि घड्याळाचा आकडा

"अगं सात तास दहा मिनिटं झोपलीयेस, हे बघ ना!" सकाळी चहा घेताना दादाने आईला मोबाईलवरचा ग्राफ दाखवला. आई काहीच बोलली नाही, मनगटावरचं झोप मोजणारं स्मार्ट घड्याळ काढून फ्रिजवर ठेवलं आणि कणीक मळायला घेतली.

बाबांची झोपमोड नको म्हणून ती रात्र रात्र कूसही न बदलता जागीच पडून असते. आणि घड्याळ नेमकं इथेच फसतं, कारण ते मोजतं हाताची हालचाल आणि हिरव्या लाइटने नाडीचे ठोके, बाकी सगळा अंदाज. झोपलेला माणूस त्याला बरोबर ओळखता येतो, पण जागा असून निपचित पडलेला माणूसही बरेचदा झोपेतच धरला जातो, आणि निद्रानाशवाल्यांचे तासन् तास तर असेच जातात.

मेंदूच्या लहरी बघायच्या तर स्लीप लॅबमध्ये डोक्याला इलेक्ट्रोड लावावे लागतात. पण निद्रानाशासाठी बहुतेक वेळा तेही लागत नाही, डॉक्टर पेशंटलाच नीट विचारतात, झोपेची डायरी लिहायला सांगतात. म्हणजे तिथे तिचं म्हणणं हाच मोठा पुरावा.

मग घरात आपण आधी मोबाईल का उघडतो? "रात्री झोप लागली का गं?" एवढं तिलाच का नाही विचारत?