डोळे उघडले होते

काल रात्री अकरा चाळीसला तिचा फोन आला तेव्हा मी ध्यानाला बसले होते.

हे वाक्य ताईला सांगायला म्हणून सकाळपासून तीनदा मनात घोकलं. ताई म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये, दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या संस्थेत, मला पहिल्यापासून सांभाळणारी बाई. वाक्य खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं की फोन गुडघ्याजवळ पडला होता, तो थरथरला, मी डोळे उघडले, तिचं नाव वाचलं आणि डोळे परत मिटून घेतले.

वीस मिनिटांनी उठून मीच लावला. तिनं उचलला नाही. सकाळी मेसेज होता : 'काही नाही, सहज.'

दारू सोडून एकोणीस दिवस झालेली बाई रात्री पावणेबाराला सहज फोन करत नाही. हे मला कुणी शिकवायला नको. पहिल्या महिन्यात ताईला मी कितीदा तरी 'सहज केला' म्हणून सांगितलंय, आणि त्यातला एकही फोन सहज नव्हता. एकदा तर बाटली समोर टेबलावर होती आणि मी ताईला विचारत होते, जेवलीस का.

मग का मिटले डोळे?

दमले होते, हे आहेच. दिवसभर सगळ्यांना पुरून उरलेली ती वीस मिनिटं माझी असतात. तीन वर्षं दोन महिने झाले, तरी मला यायला उशीर झाला की घरात सगळ्यांची नजर आधी माझ्या पर्सवर जाते. आई अजून कपाटाची किल्ली स्वतःकडेच ठेवते. परवा मुलगी जे बोलली ते इथं लिहीत नाही. इतकं सगळं निमूट सोसणाऱ्या बाईला वीस मिनिटं डोळे मिटून बसायचाही हक्क नसावा? काल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हे सगळं स्वतःला ऐकवलं आणि रडूही आलं.

पण ते रडू नंतरचं. डोळे मिटले त्या क्षणी थकवा नव्हता. राग नव्हता. मला बरं वाटलं होतं. आतून एक मऊ, उबदार काहीतरी सरकलं : मी आता प्रार्थनेला बसणारी बाई आहे, मला मधे उठवू नका. ते बरं वाटणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. दार लोटायचं, आतून कडी घालायची, पहिला घोट पोटात उतरेपर्यंत बाहेरच्या हाका ऐकायच्या आणि मग त्या ऐकू येईनाशा होईपर्यंत आत आत जायचं. वर्षानुवर्षं मी हेच केलं. काल बाटली नव्हती. बाकी सगळं होतं.

मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी जानेवारी 1961 मध्ये आमची संस्था सुरू करणाऱ्या बिल विल्सनना पत्र लिहिलं होतं. दारूची ओढ म्हणजे आपल्या जिवाला लागलेली पूर्णत्वाची तहानच, फक्त खालच्या पायरीवरची, असं काहीसं त्यात आहे. लॅटिनमध्ये दारूला आणि आत्म्याला 'स्पिरिटस' हा एकच शब्द, हेही त्यांनी दाखवून दिलंय. ताईनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला केवढा धीर आला होता. म्हणजे मी नुसती वाईट नव्हते, तहानलेली होते. मीटिंगमधल्या कितीतरी शेअरिंगमध्ये मी हे सांगितलंय. आज दुपारी भांडी घासताना तेच दुसऱ्या बाजूनं टोचलं. तहान तीच असेल, तर पिण्याची रीतही तीच राहू शकते. एकटीनं, दार लावून, कुणाला वाटा न देता.

आमच्या बारा पायऱ्यांपैकी अकरावी मला पहिल्यापासून आवडते. प्रार्थना आणि ध्यान, आणि आपल्याला जसा समजला तसा ईश्वर. त्या 'जसा समजला तसा'मुळेच मी टिकले, नाहीतर पहिल्याच आठवड्यात उठून गेले असते. बारावीची, म्हणजे हे सगळं दुसऱ्या दारुड्यांपर्यंत न्यायच्या पायरीची, मात्र मला भीती वाटते. त्यात माणसं येतात. ईश्वर अवेळी फोन करत नाही, रडत नाही, आणि उद्या परत प्यायला तर ती माझी चूक होती का, असा प्रश्नही मागं ठेवत नाही.

अमेरिकेतल्या ॲक्रन गावची गोष्ट आम्ही सगळ्यांनी शंभरदा ऐकलीय. मे 1935. बिल विल्सन परगावी, धंद्याचं काम फसलेलं, हॉटेलच्या लॉबीत एकटे. एका टोकाला बार, आतून गप्पा ऐकू येताहेत. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. ते फोन करत सुटतात, आणि शेवटी एका अनोळखी बाईंमार्फत डॉक्टर स्मिथ, तेही पिणारेच, भेटतात. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही म्हणून आलेले डॉक्टर कितीतरी तास बोलत बसतात. पुढं 10 जून 1935 ला डॉक्टरांनी शेवटची घेतली, आणि ती तारीख आपण संस्थेचा वाढदिवस मानतो.

मी ही गोष्ट नेहमी विल्सनच्या जागी उभी राहून ऐकली. माझ्या हातात फोन, माझ्या पाठीशी बार. त्या अनोळखी बाईंचा, हेन्रिएटा सायबरलिंग यांचा, विचार मी आज पहिल्यांदा केला. कुणीतरी अनोळखी दारुडा फोनवर म्हणतो, मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. त्या धार्मिक होत्या, प्रार्थना करणाऱ्या होत्या. आणि त्यांनी त्याला घरी बोलावलं.

त्याआधीचे सहा महिनेही मी सोयीस्कर विसरते. त्या काळात विल्सननी ज्याला-त्याला सोबर करायचा प्रयत्न केला आणि एकही जण टिकला नाही. टिकले ते स्वतः. म्हणजे काल रात्रीचा तो फोन तिच्यासाठी होता तितकाच माझ्यासाठीही होता. माझंच औषध गुडघ्याजवळ थरथरत होतं.

हे लिहून झालं आणि मग तिला लावला. ताईला सांगण्याआधी तिला सांगायला हवं, एवढं तरी कळलं.

म्हटलं, "काल मी जागी होते. तुझं नाव बघितलं होतं. उचलला नाही."

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं, ताई."

ताई. मला कुणी ताई म्हणावं असं मी काय केलं.

मग तिनं सांगितलं. बाथरूममध्ये बादलीमागं एक अर्धी बाटली सापडली, तिनंच कधीतरी लपवलेली, साफ विसरलेली. एका हातात बाटली, दुसऱ्या हातानं मला फोन. "रिंग जात होती तेवढ्यात ओतून टाकली. ती थांबली असती तर मला जमलं नसतं. वासानं नंतर उलटी झाली."

मी विचारलं, मग परत केला तेव्हा का नाही उचललास. म्हणाली, झोपले होते. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा नीट झोप लागली.

ऐकून आधी सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटण्यावर माझा विश्वास बसेना. ओतली तिनं. माझे डोळे मिटलेलेच होते. रिंग वाजत राहिली यात माझं काही नाही, मी फक्त ती बंद केली नाही. तरी दिवसभर छातीवर जे बसलं होतं ते जरा बाजूला सरकलं, हेही खरं. तिच्याजवळ त्या वेळी कुणीतरी होतं. कोण, ते मला सांगता येत नाही. माझं नाव स्क्रीनवर होतं एवढंच.

ध्यान सोडणार नाही. ते सोडलं तर मी चिडचिडी होते, आणि त्याच्या पुढचं मला माहीत आहे. पण आज सायलेंट काढलाय. ताईला संध्याकाळी सगळं सांगितलं, अर्ध्या वाक्यासकट. ती म्हणाली, तुझे फोन मीही दोनदा उचलले नव्हते. कुठले ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एकोणीस दिवसवालीला म्हटलं होतं, रोज रात्री नऊला फोन करत जा, बोलायला काही नसलं तरी. नऊ वाजून दहा मिनिटं झालीत.

मीच लावते.