तुम्ही विचारलंत म्हणून : ऑलिम्पियाडला कुठला क्लास लावू?

"मॅडम, मुलगा आठवीत आहे, गणितात कायम पैकीच्या पैकी, ऑलिम्पियाडसाठी कुठला क्लास लावू?" हा प्रश्न मला पालकसभेत, जिन्यात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारलाय लोकांनी, म्हणून एकदा बसून सविस्तर लिहिते.

आधी कुठली ऑलिम्पियाड ते बघा. शाळेत फी भरून फॉर्म मिळतो, चार पर्यायांतून एकाला गोल करायचा असतो, ती वेगळी. मी बोलतेय ती गणिताची, मुंबईत मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघतं ती. सप्टेंबरच्या सुमारास पहिला टप्पा, आयओक्यूएम म्हणजे पात्रता परीक्षा, तीन तासांत ३० प्रश्न आणि फक्त उत्तर द्यायचं. त्यातून निवडलेली मुलं आरएमओला म्हणजे विभागीय फेरीला, मग जानेवारीत आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी, मग कॅम्प आणि शेवटी देशभरातून फक्त सहा जण आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला. भारत १९८९ पासून तिथे जातोय आणि १९९६ ला तर ती मुंबईतच झाली होती.

आता यातली खरी गंमत आरएमओपासून सुरू होते. तीन तास आणि प्रश्न फक्त सहा! म्हणजे एका प्रश्नाला अर्धा तास, आणि उत्तर नाही तर सिद्धता लिहायची. आपली मुलं स्कॉलरशिपपासून मिनिटाला एक प्रश्न या चालीने तयार झालेली असतात, दोन मिनिटांत सुचलं नाही की पुढचा. ती सवय तिथे कामाची होती, इथे तीच आडवी येते. हुशार मुलं इथे अडतात ती बहुतेक वेळा सूत्रं येत नाहीत म्हणून नाही, न सुटलेल्या प्रश्नापाशी बसायची त्यांना कधी वेळच आलेली नसते म्हणून.

एक उदाहरण सांगते. १ ते १०० मधल्या कुठल्याही ५१ संख्या निवडा, त्यात अशा दोन सापडतातच की एकीने दुसरीला निःशेष भाग जातो. हे सिद्ध करा. नववीतल्या एका मुलीला मी हा प्रश्न दिला. पहिल्या दिवशी तिने ५१ ते १०० लिहून आणल्या, या बरोबर ५० आहेत आणि कुणी कुणाला भागत नाही कारण ५१ ची दुप्पटच १०२ होते. आता यात कुठलीही एक टाकली की बिघडतं, झालं सिद्ध! मी विचारलं, अगं पण निवडणाऱ्याने या ५० घेतल्याच नाहीत तर? ती गप्प झाली. वही घेऊन गेली. पुढचे चार दिवस तिने नुसती खोडाखोड केली, मूळ संख्या वेगळ्या काढून बघितल्या, जोड्या लावून बघितल्या, काही जमेना, आणि तिची आई मला फोन करून म्हणाली की एकदाचं सांगून टाका हो, जेवताना पण तेच चाललंय. मी नाही सांगितलं. पाचव्या दिवशी तिने ९६ घेऊन निम्मे निम्मे करत आणलं, ४८, २४, १२, ६, ३, आणि मग १२ पण ३ वरच येऊन थांबतो हे तिच्या लक्षात आलं. प्रत्येक संख्या अशी कुठल्या ना कुठल्या विषम संख्येवर येऊन थांबणार, १०० पर्यंत विषम संख्या ५०च, म्हणजे कप्पे ५० आणि संख्या ५१, एका कप्प्यात दोन येणारच, आणि लहानीची दुप्पट करत गेलं की मोठी मिळते, म्हणजे त्यातली लहान मोठीला भागणार. याला पिजनहोल, म्हणजे कबुतरांच्या कप्प्यांचं तत्त्व म्हणतात हे मी तिला त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर नाव पाठ झालं असतं, ते चार दिवस मिळाले नसते.

म्हणून क्लासचं माझं म्हणणं असं की लावा, जरूर लावा, पण तिथे प्रश्न दिल्यावर शिकवणारे किती वेळ गप्प राहतात ते बघा. पुण्यात असाल तर भास्कराचार्य प्रतिष्ठानात चौकशी करा, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ ला सुरू केलेली संस्था आहे. गावाकडे असाल तरी अडत नाही, होमी भाभा केंद्राच्या साइटवर जुने पेपर फुकट मिळतात. विषय चारच आहेत, संख्या सिद्धांत (नंबर थिअरी), बीजगणित, भूमिती आणि कॉम्बिनेटोरिक्स म्हणजे मोजणी-मांडणीचं गणित, कॅल्क्युलस लागत नाही, त्यामुळे अकरावी-बारावीचं आधी उरकायची घाई करू नका. भूमिती मात्र रोज हाताने आकृती काढून करायला लावा. आणि सुटलेलं उत्तर मुलाला पूर्ण वाक्यांत लिहायला सांगा, तुम्हाला गणित येत नसलं तरी "हे असंच का?" एवढं विचारता येतंच की.

ती मुलगी आता दहावीत आहे. गेल्या आठवड्यात स्वतःहूनच आली, म्हणाली, मॅडम, त्या ५१ ते १०० मधले ६८ काढून ३४ टाकले तरी ५०च राहतात आणि तरीही कुणी कुणाला भागत नाही, मग सगळ्यात लहान संख्या अजून किती खाली आणता येईल? मी तिला उत्तर सांगितलेलं नाही. वहीची सात पानं भरलीयेत, काल २८ पर्यंत पोचली होती.