लिनक्स गेमिंग लॉग ३ : गेम चालतो हो, पण ठेवायचा कुठे?

मागच्या लॉगनंतर दीड महिना गायब होतो, कारण एप्रिलमध्ये मिरजेत दुपारी लॅपटॉपवर गेम खेळणं म्हणजे मांडीवर तवा घेऊन बसणं, आणि आठवड्यातून एक दिवस मेंटेनन्ससाठी लाईट जाते ती वेगळीच. पण या दीड महिन्यात जेवढं शिकलो तेवढं आधीच्या दोन लॉगमध्ये मिळून नव्हतो शिकलो, त्यातलं अर्धं स्वतःच्या मूर्खपणामुळे.

नवीन आलेल्यांसाठी मशीन परत सांगतो. सातव्या पिढीचा आय५, जीटीएक्स १०५०, १६ जीबी रॅम, लिनक्स मिंट २२ असलेला २५० जीबीचा एसएसडी आणि १ टीबीची जुनी फिरणारी हार्डडिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही, म्हणून मी इकडे. तरी विंडोज अजून पुसलं नव्हतं, एका कोपऱ्यात ठेवलं होतं, असू दे म्हणलं.

मी २०११ च्या आसपास उबंटूवर (तेही लिनक्सच) वाईन, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, घालून गेम चालवायचा प्रयत्न केलेला. वाईन तेव्हाही काही नवीन नव्हतं, १९९३ पासून चालू आहे ते, पण तेव्हा गेम उघडला की काळी स्क्रीन आणि मागून फक्त म्युझिक. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्वने प्रोटॉन आणलं, म्हणजे वाईनच, पण विंडोजच्या डायरेक्टएक्स ग्राफिक्सचं लिनक्सवर चालणाऱ्या वल्कनमध्ये भाषांतर करणारं डीएक्सव्हीके वगैरे सगळं एकत्र बांधून दिलेलं, आणि २०२२ मध्ये स्टीम डेक हा वाल्वचा हातात धरून खेळायचा लिनक्सवाला कन्सोल आल्यावर तर त्याला पळायलाच लागलं. आता स्टीममध्ये इन्स्टॉल दाबायचं, प्ले दाबायचं, संपलं. निदान मला तसं वाटलं होतं.

तर झालं असं. १ टीबीची डिस्क विंडोजच्या काळातली, एनटीएफएस फॉरमॅटची, त्यात गेम आधीपासून होतेच. म्हणलं ५० जीबीचा विचर ३ परत कशाला डाउनलोड करायचा, आमच्या ब्रॉडबँडला महिन्याची लिमिट आहे. स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमध्ये ती डिस्क जोडली, स्टीमने फायली तपासल्या, गेम इन्स्टॉल्ड दिसायला लागला, मी खूश. प्ले दाबलं. बटण दोन सेकंद 'स्टॉप' झालं आणि परत 'प्ले'. एरर नाही, खिडकी नाही, काही नाही. असं मी किमान वीस वेळा केलं असेल, प्रोटॉनचं व्हर्जन बदललं, जीई-प्रोटॉन ही लोकांनी बनवलेली त्याची आवृत्ती टाकली, ड्रायव्हर काढून परत टाकला, रात्रीचे दीड वाजले.

दुसऱ्या दिवशी लाँच ऑप्शनमध्ये प्रोटॉनचा लॉग चालू केला तेव्हा कुठे कळलं की गेमचा दोषच नाहीये. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी कॉम्पॅटडेटा नावाच्या फोल्डरमध्ये एक छोटं खोटं विंडोज बनवतो, त्याला प्रीफिक्स म्हणतात. त्याच्या आत सी ड्राइव्ह, युझर फोल्डर, रजिस्ट्री सगळं असतं, आणि 'सी कोलन' अशा नावाची एक लिंक असते. आता कोलन हे अक्षर विंडोजच्या फाईलच्या नावात चालतच नाही, आणि लिनक्सच्या लिंका-परवानग्यांचंही एनटीएफएसवर धड जमत नाही. कधी चालून जातं, मग एक दिवस विंडोज बूट करून डिस्क चेक झाली की ते त्या नावांना खराबी समजतं. त्यात माझं विंडोज फास्ट स्टार्टअपमुळे पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेलं, त्यामुळे मिंटमध्ये ती डिस्क नुसती वाचण्यापुरतीच उघडलेली. म्हणजे प्रीफिक्स तयार व्हायला जागाच नाही, गेम बिचारा चालणार कुठून.

तोडगे दोन. एक, कॉम्पॅटडेटा फोल्डर लिनक्सच्या पार्टिशनवर हलवायचा आणि एनटीएफएसवर त्याची नुसती लिंक ठेवायची. हे चालतं पण जुगाड आहे. दुसरा, सरळ डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटची करून टाकायची. मी दुसरा केला. मित्राची एक्स्टर्नल हार्डडिस्क आणली, सगळे गेम तिच्यावर कॉपी केले (सहा तास, मध्ये लाईट गेली, परत पहिल्यापासून), डिस्क फॉरमॅट केली, एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या ओळख-क्रमांकाने, नोंद केली. इथे नोफेल हा पर्याय नक्की टाका, नाहीतर एखाद्या दिवशी डिस्क रुसली तर मशीन बूट होताना मध्येच अडकून बसतं. आणि फोल्डरची मालकी रूटकडून (सिस्टीमचा मुख्य युझर) स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर स्टीम म्हणतं डिस्कवर लिहिता येत नाही आणि तुम्ही परत ड्रायव्हर बदलत बसाल.

फॉरमॅट झाल्यावर बघतो तर रिकाम्या डिस्कवर जवळपास ४६ जीबी कमी! मला वाटलं डिस्क मरायला लागली. तर ईएक्सटी४ डीफॉल्टने पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं, सिस्टीमच्या पार्टिशनला ते बरोबर आहे, पण नुसत्या गेमच्या डिस्कला त्याचा काय उपयोग. ट्यून-टू-एफएस या कमांडने ते शून्य केलं, एका ओळीत एक अख्खा गेम मावेल एवढी जागा परत आली. हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?

एक छोटी गोष्ट. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीम दोनदा दिसतं, एक सिस्टीम पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक. मी आधी फ्लॅटपॅक टाकलेलं. ते पेटीत बंद असतं, त्याला बाहेरची डिस्क दिसत नाही, फ्लॅटसील हे परवानग्या देणारं अ‍ॅप उघडून रस्ता द्यावा लागतो. वाईट नाही ते, पण मला दोन्हींचे फोल्डर वेगवेगळ्या ठिकाणी झाले आणि एकच गेम दोनदा उतरला. एकच ठेवा, कुठलंही.

आता चाललेल्यांची यादी. विचर ३ डीएक्स११ वर मध्यम सेटिंगला मस्त. एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह काहीही न करता. झिरो ए.डी. तर आपलाच, ओपन सोर्स, नेटिव्ह (थेट लिनक्सवर चालणारा), मौर्यांचे हत्ती घेऊन भिंती पाडायची मजा वेगळीच, फक्त तो आधी इंटेलच्या ग्राफिक्सवरच चालत होता आणि मी येडा सेटिंग कमी करत बसलो होतो. मेनूत राईट क्लिक करून डेडिकेटेड जीपीयूवर (म्हणजे जीटीएक्सवर) चालवायचा पर्याय आहे, तो दाबला आणि हत्ती पळायला लागले. जे चालणार नाही ते पण सांगतो, व्हॅलोरंटचा नाद सोडा, त्याचं अँटीचीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, बसतं, इथे त्याला कर्नलच दुसरं. बॅटलआय आणि ईझी अँटीचीट या दुसऱ्या अँटीचीटना २०२१ पासून प्रोटॉनचा सपोर्ट आहे, पण गेम बनवणाऱ्यांनी तो चालू करायला लागतो, आणि चालू केलेला बंदही करता येतो, एपेक्स लेजंड्सने २०२४ मध्ये केलाच. त्यामुळे ऑनलाइन गेम विकत घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबी ही कुठला गेम चालतो ते सांगणारी साईट बघा.

आणि आता मुख्य कांड. क्रिकेट ०७.

हा गेम माझ्याकडे बारा-तेरा वर्षांपासून जुन्या फोल्डरात आहे, लुट्रिस या गेम लाँचरमध्ये वाईन रनर लावून ईएक्सई दाखवली आणि पहिल्या फटक्यात चालला, म्युझिक वाजलं तेव्हा अंगावर काटा. नवीन टीम आणि जर्सीचे पॅच लोक अजून बनवतात, ते टाकताना एक गंमत होते. लिनक्सला मोठं 'डी' आणि छोटं 'डी' वेगळं, त्यामुळे पॅच कॉपी केला तर जुन्या फोल्डरात न जाता शेजारी त्याच नावाचा दुसरा फोल्डर तयार झाला, आणि गेमला जुनाच दिसतो. अर्धा तास जर्सी बदलेना. नावं जुळवून घ्या, मग बदलतात.

तर दिवाळीत भाचा आला होता, त्याने यावर एक अख्खा ऑस्ट्रेलिया दौरा सुरू केला, चार कसोटी झालेल्या, मालिका दोन-एक, आणि जाताना म्हणाला, मामा, मे महिन्यात येतो तेव्हा शेवटची मॅच खेळू, हात लावू नको. मी कशाला हात लावतोय.

पण एसएसडी भरला होता. डिस्क युसेज अ‍ॅनलायझर उघडला, गोल चकतीत बघितलं तर होममधल्या गेम्स फोल्डरात क्रिकेटच्या नावाचा एक फोल्डर, दीड जीबी. म्हणलं गेम तर मी मोठ्या डिस्कवर हलवलाय, हा जुना राहिलेला असणार. शिफ्ट डिलीट.

तो प्रीफिक्स होता. गेम मोठ्या डिस्कवर, पण हा गेम सेव्ह आणि रोस्टर (टीमची यादी) डॉक्युमेंट्समध्ये टाकतो, आणि लुट्रिसमध्ये ते डॉक्युमेंट्स म्हणजे प्रीफिक्सच्या आतलं डॉक्युमेंट्स. गेम उघडला तर नवाकोरा, दौरा नाही, काही नाही. मनात आलं, टाइमशिफ्टचा बॅकअप आहे की! उघडलं, स्नॅपशॉट सगळे जागेवर, पण टाइमशिफ्ट सिस्टीमच्या फायली ठेवतं, होम फोल्डर डीफॉल्टने वगळतं. पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो.

स्टीममधल्या बऱ्याच गेमना क्लाउड असतं म्हणून तिकडे फार कळत नाही. आणि तिकडचे प्रीफिक्स ओळखणं आणखी अवघड, फोल्डरला नावाऐवजी नुसते आकडे, २९२०३० म्हणजे विचर ३, ८१३७८० म्हणजे एज ऑफ एम्पायर्स. कुठला कुणाचा हे प्रोटॉनट्रिक्स उघडलं की नावानिशी दिसतं, डिलीट करायच्या आधी तेवढं बघा. मी आता लुडुसावी टाकलंय, तेही ओपन सोर्स, स्टीम, हिरोइक, लुट्रिस तिन्ही लाँचरचे सेव्ह शोधून एका ठिकाणी बॅकअप घेतं. क्रिकेटचा प्रीफिक्स त्याला हाताने दाखवला, रोज रात्री दहाला बॅकअप. प्रीफिक्सपण आता सगळे मोठ्या डिस्कवर एकाच फोल्डरात, नावाच्या पुढे 'सेव्ह आहेत' असं मराठीत लिहून.

भाच्याला अजून सांगितलेलं नाही. तोच दौरा, तीच टीम घेऊन मी रोज रात्री खेळतोय. दोन कसोट्या जिंकायच्या आहेत आणि एक हरायची, हरणं सोपं गेलं, पहिल्याच दिवशी झालं. तो पुढच्या रविवारी येतोय, मी तिसऱ्या कसोटीच्या चौथ्या दिवसावर आहे आणि त्याने त्यात शतक कुणाकडून काढलं होतं ते काही केल्या आठवत नाहीये.